थंडीची सुई

"एकदा टोचली की काढता येत नाही," डॉक्टर फरहाना काझी म्हणाल्या. "हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान हलवतो. म्हणून दोनदा सांगते. काढता येत नाही."

आचल चिताडेनं मान हलवली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं.

नागपूरच्या त्या केंद्रात येणारे बहुतेक जण खाणीतले किंवा बंदरावरचे कामगार असत. आचल खाणीतलीच होती. चंद्रपूरजवळच्या भूमिगत कोळसाखाणीत वायुवीजनाची जबाबदारी तिच्याकडे होती. जमिनीच्या पोटात, शेवटच्या माणसाच्या नाकापर्यंत ताजी हवा पोचवायची, हे तिचं काम. आता जगाला कोळसा नको होता. खाण बंद झाली होती आणि आचलला रिकाम्या बोगद्यांत वाळू-पाणी भरण्याच्या खात्यात बदली मिळाली होती. दुसरीकडे ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर, बर्फ मागं सरकल्यावर उघड्या पडलेल्या डोंगरांत, बॅटऱ्यांना लागणाऱ्या धातूंच्या नव्या खाणी खणल्या जात होत्या. त्यांना हवा खेळवणारी माणसं पाहिजे होती.

फक्त एक अट होती. तिथली जमीन बाराही महिने गोठलेली, आणि जगाच्या वाढत्या तापमानानं आधीच भुसभुशीत होत चाललेली. त्यावरची घरं आपल्यासारखी उबदार ठेवली, तर खालची जमीन वितळून घरंच खचत. म्हणून त्या वसाहतीत घरातलं तापमान आठ अंशांवर ठेवायचा कायदा होता. तशा थंडीत वर्षानुवर्षं राहायचं, तर सुई घेतलीच पाहिजे.

"तान्हं बाळ थंडीत कुडकुडत नाही, हे माहीत आहे का तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. "त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया म्हणून बारीक भट्ट्या असतात. त्या अन्न जाळतात आणि शरीराला कामाची शक्ती पुरवतात. तपकिरी चरबीतल्या भट्ट्यांना मात्र एक गळकं दार असतं. तिथं शक्ती तयार व्हायच्या ऐवजी नुसती उष्णता सांडते. मोठेपणी ही चरबी आटत जाते. आम्ही काय करतो, तुमच्या पोटावरची साधी चरबी थोडी काढतो, एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर ते दाराचं जनुक तिच्यात धाडतो, आणि ती चरबी गळ्याच्या हाडाखाली परत टोचतो. काही आठवड्यांत तुम्ही उणे पंधरामध्ये साध्या स्वेटरवर हिंडाल. भूक दुप्पट लागेल, एवढंच."

"आणि उन्हाळ्यात?"

"निसर्गानं त्या दाराला कडी दिलेली असते. गरज संपली की दार बंद. आम्हाला अजून कडी बसवता आलेली नाही." डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही चंद्रपूरच्या ना? मे महिन्यात किती असतं तुमच्याकडं?"

"सत्तेचाळीस. कधी अठ्ठेचाळीस."

"बाहेर चाळीस असताना आतली भट्टी चालूच राहिली, तर घाम पुरा पडत नाही. तासाभरात उष्माघात होतो. हिवाळ्यात माहेरी या, जपून राहा. होळीनंतर मात्र हा मुलूख तुमचा नाही."

परतीच्या बसमध्ये आचल खिडकीशी बसली. बाहेर पळस फुलून गेले होते, गरम वाऱ्याच्या झुळका येत होत्या, आणि तिला सारखं वाटत होतं, की हे सगळं नीट बघून घेतलं पाहिजे. म्हणजे मनानं उत्तर आधीच दिलेलं होतं.

घरी बाबा सांबारवडीसाठी कोथिंबिरीचं सारण परतत होते. मोरेश्वर चिताडे हे झाडीपट्टीच्या नाटकांतलं एके काळचं मोठं नाव. धान कापून झालं की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावोगावी मंडप पडतात आणि रात्रभर नाटकं रंगतात. त्या मंडपांत तीस वर्षं त्यांनी खलनायक आणि म्हातारे जमीनदार उभे केले. आई आचलच्या कॉलेजच्या दिवसांतच गेली. तेव्हापासून घरात दोघंच.

"घेतली का सुई?" बाबांनी विचारलं.

"नाई. आधी तुमच्याशी बोलायचं होतं."

"माह्याशी काय बोलायचं? गोवराची घेतली, काविळीची घेतली. तवा काय माह्याशी बोलली होती?"

"ही तशी नाई, बाबा."

तिनं सगळं सांगितलं. कढईखालचा गॅस बाबांनी मध्येच बारीक केला. ऐकून झाल्यावर ते काही वेळ पारीतलं सारण चमच्यानं सारखं करत राहिले. वडीची घडी घातली, कडा दाबल्या. आणि मग एकदम खो खो हसले.

"म्हंजे हिवाळ्यात येशील, उन्हाळ्यात नाई. एवढंच नं? अवं, मंग म्या काय केलं होतं? दिवाळी ते होळी घरी कवा होतो मी? तुही माय म्हणे, या पोट्टीचा बाप आंब्यासारखा, उन्हाळ्यातच भेटते. आता तू संत्र्यासारखी हिवाळ्यात येजो!"

"आणि मधे काही झालं तर?"

"मले काय होते? वाघ हाय मी. जा बिनधास्त. बंद खाणीत वाळू टाकत बसायले शिकली का तू?"

तो आवाज आचलला चांगला ठाऊक होता. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, तिसऱ्या अंकातला आवाज. घरात बाबा इतक्या मोठ्यानं कधीच बोलत नसत. ते नाटक करत होते. तिला ते कळलं, आणि कळूनही तिनं ते खरं मानून घेतलं. कारण तिला जायचं होतं. पोटासाठी तर होतंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. कोणी कधी न पाहिलेल्या डोंगराच्या पोटात पहिला वारा सोडायचा, ही कल्पना तिला झोपू देत नव्हती. बाबांना हे सांगायला ती धजली नाही. पोटासाठी जाते म्हटलं की निरोप सोपा होतो.

उन्हाळा सरल्यावर तिनं सुई घेतली आणि महिनाभर घरीच होती. आधी काही जाणवलं नाही. मग एक दिवस पोळ्या लाटताना तिला गॅससमोर उभं राहवेना. बाबांनी सवयीनं कपाळाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "ताप हाय तुले!" ताप नव्हता. आता ते असंच राहणार होतं. ती दिवसभर कूलरसमोर बसून राही आणि दोन माणसांचं जेवण एकटी जेवे. मागच्या गल्लीतल्या वनमालामावशी रोज काही ना काही करून आणत. वनमाला मडावी एके काळी बाबांच्याच नाटक कंपनीत नायिका होत्या. रंगमंचावर त्यांनी बाबांना कितीदा विष पाजलं असेल, त्याचा हिशेब नव्हता. त्यांचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"तू जा बाई," निघायच्या दिवशी त्या म्हणाल्या. "यायच्यावर, तुह्या बाबांवर, माहं ध्यान राहीन."

आचलला ते शेजाऱ्यांनी बोलावं तसं बोलणं वाटलं.

ग्रीनलंडमध्ये ती सुखी झाली. हे तिनं फोनवर कधी कबूल केलं नाही. बाबांनी विचारलं की म्हणे, "ठीक आहे. थंडी आहे. डाळ मिळत नाही." खरं तर निळसर बर्फावरून खाणीकडं चालत जाताना तिच्या उघड्या मानेवर वारा बसे, आणि आतली भट्टी त्याला उत्तर देई, तेव्हा तिला आपल्या शरीराचा अभिमान वाटे. पहिला मोठा पंखा सुरू झाला त्या दिवशी डोंगराच्या दुसऱ्या तोंडाशी लावलेली कापडी पट्टी फडफडली, आणि तिच्या हाताखालच्या माणसांनी शिट्ट्या वाजवल्या. बाबांना तिनं त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'काम चालू आहे.'

तीन हिवाळे ती घरी येऊन गेली. डिसेंबरच्या पहाटे गल्ली शेकोटीभोवती गोळा झालेली असताना ती गच्चीवर सुती कुर्त्यात बसे. दुपारी मात्र खोली गार करून आतच. बाबा थकल्यासारखे वाटत नव्हते. उलट त्यांनी कुर्ते नवे शिवले होते, दाढी रोज होत होती. तिला वाटलं, माझ्यासाठी सावरून राहतात बिचारे.

चौथ्या वर्षी मे महिन्यात ती बाबांशी फोनवर बोलत होती. पडद्यावर फक्त त्यांचा चेहरा होता. तेवढ्यात बाजूनं बांगड्यांचा हात आला. त्या हातात पाण्याचा पेला आणि गोळी होती. बाबांनी फोन झटकन फिरवला, आणि त्या गडबडीत तिला लोखंडी खाट आणि सलाइनचा खांब दिसला.

"बाबा, कुठं आहात तुम्ही?"

फोन वनमालामावशींनी घेतला. "झटका आला होता छातीत. नळीत जाळी बसवली. आता बरे हायेत. सांगू देत नव्हते तुले."

वसाहतीच्या डॉक्टरनं तिला जाऊ द्यायला साफ नकार दिला. आचलनं स्वतःच्या जबाबदारीवर सही केली. नागपूरला डॉक्टर काझींना फोन लावला, तेव्हा त्या बराच वेळ रागावल्या आणि शेवटी म्हणाल्या, "चंद्रपूर नाही म्हणजे नाही. विमानतळ ते भेटघर. त्यापुढं एक पाऊल नाही."

भेटघर ही त्या काळात निघालेली नवीच सोय होती. सुई घेतलेल्यांची संख्या वाढली तशी नागपुरातल्या एका शीतगृहाच्या मालकानं संत्र्यांच्या पेट्या ठेवायची एक मोठी खोली रिकामी केली आणि तिथं खुर्च्या, खाटा मांडल्या. आत सात-आठ अंश तापमान. उन्हाळ्यात परदेशातून आलेले लेक-जावई तिथं उतरत, आणि घरचे लोक दारातल्या फळीवरचे स्वेटर, कानटोप्या चढवून त्यांना भेटायला आत जात. आचलनं पूर्वी त्याची थट्टा केली होती.

विमानाला उशीर झाला. पहाटे पोचायचं ती भर दुपारी पोचली. गार केलेली रुग्णवाहिका दाराशी लागलेली होती, पण उड्डाणपुलाखालच्या कोंडीत तिचं गार हवेचं यंत्र घरघरलं आणि बंद पडलं.

आचलला आधी घाम आला. धारा लागल्या. मग घाम थांबला, आणि ते वाईट लक्षण आहे हे तिला माहीत होतं. डब्याच्या पत्र्यातून उष्णता आत येत होती आणि तिच्या गळ्याच्या हाडाखालून बाहेर पडत होती. या दोन्ही उष्णतांना निघायला वाटच नव्हती. बंद खाणीसारखं, तिला वाटलं. ती ड्रायव्हरला काहीतरी सांगायला गेली, तर शब्द उलटसुलट झाले.

ड्रायव्हर सतीशभाऊ जुना माणूस. त्यानं गाडी फुटपाथवर चढवली, कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या गोळेवाल्याच्या गाडीला टेकवली आणि ओरडला, "भाऊ, सारा बर्फ दे! अख्खी लादी दे!"

गोळेवाल्यानं काही विचारलं नाही. किसलेल्या बर्फाचं घमेलं घेऊन तो सरळ आत चढला. मानेखाली, काखेत, पोटावर, जिथं जागा दिसेल तिथं दोघांनी बर्फ थापला. आचल भेटघरात पोचली तेव्हा अर्धवट शुद्धीत होती, आणि तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर काला-खट्टाचे जांभळे ओघळ होते.

बाबा आले ते डॉक्टरांनी त्यांना प्रवासाला परवानगी दिल्यावर, एका गार सकाळी लवकर निघून. दोन स्वेटर, माकडटोपी, वर शाल. मागं वनमालामावशी, तशाच गुंडाळलेल्या. बाबा चांगलेच वाळले होते. दारातले जाड प्लास्टिकचे पट्टे बाजूला सारून ते आत आले आणि खाटेवर बसलेल्या मुलीला म्हणाले, "कोन म्हटलं होतं तुले यायले? मरून गेली असती तर?"

"आणि तुम्ही गेला असता तर?"

"मी म्हातारा हाय. माहं चालते."

आचलनं विमानात ठरवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. "मी तिकडचं सोडते, बाबा. लेहकडं बोगद्यांची कामं निघाली आहेत. मी विचारलंय. तिथलं हवामान मला झेपेल. आपण दोघं तिकडं घर करू. आता तुम्हाला एकटं नाही ठेवणार."

बाबांनी वनमालामावशींकडं पाहिलं. मावशींनी खाली मान घालून शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सांगा आता," त्या पुटपुटल्या.

"आचल," बाबा म्हणाले, "मी एकटा नाई. आम्ही लगन करणार हावो."

आचलच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो भलताच निघाला. "कधीपासून?"

"तू गेली त्या दिवाळीपासून म्हण."

"आणि मला तीन वर्षं सांगितलं नाही?"

"म्या म्हटलं होतं सांगा," मावशी म्हणाल्या. "हे म्हणे, पोट्टीले वाटन, आपण गेलो आन् बापानं जागा भरली."

नेमकं तेच तर तिला वाटत होतं. तीन वर्षं तिनं बाबांना मनातल्या मनात एका खिडकीशी, एका खुर्चीवर एकटं बसवून ठेवलं होतं. त्या चित्राकडं पाहून ती रोज थोडी रडे आणि मग कामाला लागे. त्या खुर्चीवरून ते कधीच उठून गेले होते. आपण सुटलो याचा आनंद व्हायला हवा होता; झाला तो राग.

"तुमच्यासाठी मी मरता मरता वाचले," ती म्हणाली, "आणि तुम्ही..."

"हो," मावशी मध्येच बोलल्या. आता त्यांची मान वर होती. "आन् यायच्या छातीत कळ आली तवा मी बाजूले होती. उचलून रिक्षात घातले. अर्धा घंटा उशीर झाला असता तर डॉक्टर म्हणे काही खरं नोतं. तुही जागा मी कायले घेऊ, बाई? तू लेक हायेस. माही जागा अलग हाये."

आचलचं लक्ष मावशींच्या हातांकडं गेलं. ते थंडीनं निळसर पडले होते आणि कापत होते. त्या दोघांना थंडी सोसत नव्हती. तरी ती दोघं इथं, आठ अंशांत बसली होती. तिनं पुढं होऊन मावशींचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"अगो माय!" मावशी दचकल्या. "शेगडी हायेस तू तर!"

बाबांनी लगेच आपलेही हात पुढं केले. "सरका, मलेबी शेकू द्या." आणि तिघंही, कोण आधी ते कळायच्या आत, हसायला लागली. हसता हसता आचल रडली, आणि या वेळी ते लपवलं नाही.

"लग्न कधी आहे?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"हिवाळ्यात. तू आली की."

"हिवाळ्यापर्यंत कशाला थांबता? डॉक्टर मला आणखी काही दिवस बाहेर सोडत नाहीत. इथंच करा."

"इथं? संत्र्याच्या गोदामात?"

"तुम्ही दोघांनी काय कमी मंडपांत लग्नं केलीत?"

"ती नाटकातली," मावशी म्हणाल्या, आणि साठीतल्या त्या बाई पोरीसारख्या लाजल्या.

अशा रीतीनं ऐन वैशाखात, बाहेर डांबर वितळत असताना, मोरेश्वर चिताडे आणि वनमाला मडावी यांचं लग्न भेटघरात लागलं. जुन्या कंपनीतली मंडळी टेम्पोनं आली. स्वेटर कमी पडले तेव्हा कोणी पोती पांघरली, कोणी रजई. पेटीवाल्याची बोटं आखडली, तबला चढेना. मंगलाष्टकं म्हणताना प्रत्येकाच्या तोंडून वाफ निघत होती, आणि अक्षता टाकणारे हात लगेच काखेत जात होते. जो तो येऊन आचलचे हात धरून शेकून जाई. तिच्याभोवती सारखा घोळका होता. लोक तिच्याशी बोलायचे, तिकडच्या खाणीचं विचारायचे, आणि तिनं पहिल्यांदाच मोकळेपणानं सांगितलं, त्या पंख्याचं, त्या फडफडणाऱ्या पट्टीचं. बाबा हार गळ्यात घालून बाजूला उभे राहून ऐकत होते.

शीतगृहाच्या मालकानं आहेर म्हणून संत्र्यांच्या दोन पेट्या दिल्या. डॉक्टर काझी कानटोपी घालून जेवल्या.

दुपार कलल्यावर मंडळी निघाली. बाबा पट्ट्यांच्या दाराशी थांबले.

"लेहले नको जाऊ," ते म्हणाले. "तिथं बरी हायेस नं? खरं सांग."

"हो बाबा. खूप."

"मंग झालं." त्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि चटका बसला तरी काढला नाही. "तुह्या तोंडून हेच ऐकायचं होतं मले. डाळ मिळत नाई, डाळ मिळत नाई, किती दिवस ऐकू?"

मावशींनी त्यांचा दंड धरला. "चला आता. औषधाची वेळ झाली. पायरी हाय, खाली पाहा."

पट्टे फडफडले आणि मिटले. आचल दारापाशीच उभी राहिली. त्यापुढं तिला जाता येत नव्हतं. धुरकट प्लास्टिकमधून उन्हाचा पांढरा पट्टा दिसत होता आणि त्यात दोन आकृत्या स्वेटर उतरवत होत्या. मावशींनी बाबांच्या डोक्यावर ओला रुमाल टाकला. गाडीचं दार वाजलं. आजवर प्रत्येक वेळी तीच निघाली होती आणि कोणीतरी तिच्याकडं पाहत मागं उभं राहिलं होतं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर ती आत वळली. खुर्च्यांवर, खाटेवर, पेट्यांवर लोकांनी काढून टाकलेले स्वेटर पडले होते. तिनं ते एकेक करून उचलले, झटकले, घड्या घातल्या आणि फळीवर रचून ठेवले. सगळे अजून माणसांच्या उबेनं कोमट होते.